थोडं हळू, थेम्बा

स्वतःचं कौतुक स्वतः करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ऑकलंडमधल्या आमच्या मराठी मंडळात तर त्यांचीच भरती जास्त. पण तेच कौतुक भर रस्त्यात, चालता चालता, गिटारच्या साथीवर आणि एका दमात करणारा माणूस मला एकच भेटला. तो आमचा शेजारी थेम्बा. गंमत अशी, की आमची मंडळी जे आडून आडून सुचवत राहतात ते हा तोंडावर सांगायचा, आणि आगाऊ म्हणून नाव मात्र ह्याचंच झालं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी आणि श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, पुण्याहून नोकऱ्या घेऊन आलो होतो आणि सँडरिंगहॅमला एका जुन्या लाकडी घराचं अर्धं युनिट भाड्याने घेतलं होतं. उरलेल्या अर्ध्यात थेम्बा. मधली भिंत इतकी पातळ, की आम्ही काही बोलत असताना तिकडे कुणी शिंकलं तर 'बघ, सत्य आहे' म्हणावं. शनिवारी सकाळी जरा उशिरापर्यंत लोळावं म्हटलं, तर पलीकडे लाकडी जमिनीवर बूट वाजायला लागले. ठक ठक ठक, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि बुटांबरोबर गिटार. श्रीकांत पांघरूणातून म्हणाला, "जाऊ दे गं, नवीन आहोत आपण." मी कसली जाऊ देतेय! गाऊनवर स्वेटर चढवला आणि गेले.

दार उघडलं एका उंच, जाड, पन्नाशीच्या माणसाने. सकाळी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट, गळ्यात गिटार. मी माझ्या नव्या कोऱ्या इंग्रजीत जमेल तेवढं सुनावलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग हॅट काढली.

"सिसी," तो म्हणाला. सिसी म्हणजे ताई, हे मला नंतर कळलं. "या देशात माझी गिटार ऐकून माझ्या दारापर्यंत चालत आलेली तू पहिली माणूस आहेस. ये, बस."

आता ह्याच्यापुढे काय बोलणार, कप्पाळ! भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले.

तर थेम्बा हा दक्षिण आफ्रिकेतला झुलू. तुगेला नदीच्या काठच्या एका गावचा. त्याचा मामा सोन्याच्या खाणीत कामाला जायचा आणि चालत जाताना गिटार वाजवायचा. त्या गाण्यांना ते मस्कांदी म्हणतात. गाव सोडून कामाला निघालेल्या पुरुषांनी वाट सरावी म्हणून वाजवलेलं संगीत. थेम्बाने पहिली गिटार स्वतः तेलाच्या डब्याला तारा लावून केली, असं तो सांगायचा. पुढे डरबनला जाऊन तो हॉटेलांतल्या बँडमध्ये शिरला, रेडिओवर ऐकून ऐकून जॅझ शिकला, नाव कमावलं, लंडनला वाजवून आला. लंडनला तो एकदाच गेला होता, पण त्याच्या बोलण्यात रोज जायचा. मग बायकोला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि ते सगळे आले. व्हिसा तिचा, पगार तिचा, गिटार ह्याची.

वाजवायचा मात्र असा, की माझ्यासारख्या औरंगजेबालाही थांबावं लागायचं. अंगठा खाली एक चाल धरायचा, तर्जनी वर दुसरीच. दोन्ही एकत्र कधी यायच्या नाहीत. बोलणं बंद असलेले नवरा-बायको फिरायला निघावेत तशी एक पुढे, एक मागे, पण रस्ता तोच. जॅझ वाजवत असला तरी दोन मिनिटांत अंगठा मामाच्या रस्त्याला लागायचा आणि थेम्बा खुर्चीवरून उठायचा. "बसून वाजवतात ते गाद्यांवरचे लोक," तो म्हणायचा. "ही पायांची गिटार आहे."

आणि मग यायची ती आत्मस्तुती. गाणं ऐन रंगात आलं की तो गायचं थांबवून भराभरा बोलायला लागायचा. मला वाटायचं, शिव्या देतोय. अर्थ सांगितला पद्मा आंटीने. आमच्या रस्त्यावर तिचं मसाल्याचं दुकान होतं. ही तमिळ, पण डरबनमध्येच जन्मलेली, बापाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून झुलू शिकलेली. ती म्हणाली, "अगं, तो स्वतःची ओळख करून देतो. कुणाचा मुलगा, कुठल्या नदीचा, काय काय केलं. त्यांच्यात हे स्वतःच म्हणायचं असतं. दुसरा कोण कशाला म्हणेल?"

"आणि काय काय केलंय म्हणतो?"

पद्मा आंटीने धण्याची पिशवी बांधता बांधता सांगितलं. मी तो, ज्याने तुगेलाचं पाणी पिऊन तिला तहान लावली. मी तो, ज्याची गिटार ऐकून खाणीचा मुकादम शिट्टी वाजवायला विसरला. मी तो, ज्याला पाहून विहिरीवरच्या बायका घागरी सांडतात. त्या बायका कोण, हे त्याच्या बायकोने आजवर विचारलेलं नाही, असंही आंटी म्हणाली.

ह्या ओळखीच्या मध्ये एक थांबा असतो. गाणारा एकदम गप्प होतो आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ओरडायचं असतं, "मुशो!" म्हणजे, 'म्हण, म्हण, अजून सांग त्याचं!' ते ओरडल्याशिवाय पुढचं म्हणता येत नाही. न विचारता बढाई मारणारा तो नुसता बढाईखोर, असा त्यांचा हिशेब. आता ऑकलंडमध्ये मुशो म्हणणारं कोण होतं? बायको सदा ड्यूटीवर. राहिली मुलगी, नोमसा. सोळा-सतरा वर्षांची, इथल्या शाळेत वाढलेली. बाप झुलूत बोलायचा, ही इंग्रजीत उत्तर द्यायची. आमच्या मंडळातल्या समस्त कार्ट्यांसारखीच. भिंतीपलीकडून मला अधूनमधून ऐकू यायचं. गिटार थांबायची, शांतता, आणि मग नोमसाचा वैतागलेला आवाज, "डॅड, नो. इट्स सो एम्बॅरसिंग, ए."

मग थेम्बा गिटार खाली ठेवायचा. बूट वाजायचे बंद व्हायचे. मला हवी असलेली शांतता मिळायची आणि तिचं काय करावं ते कळायचं नाही.

त्याची एक प्रतिज्ञा होती. प्रत्येक माणसाने आयुष्यभर त्या ओळखीत भर घालत जायची असते. नवं गाव, नवी माणसं, नवे पराक्रम. थेम्बाची यादी लंडनपाशी थांबली होती. "या देशाचं नाव माझ्या ओळीत येणार नाही," तो मला कुंपणावरून बोट दाखवून सांगायचा, जणू देश माझ्या परसात बसलाय. "हा देश मला एकदा शेवटपर्यंत ऐकेल, तेव्हाच."

देशाला काही घाई नव्हती. एका वाइन बारमध्ये त्याला शुक्रवारी बोलवायचे. मॅनेजर दर अर्ध्या तासाने वाकून म्हणायचा, "लव्हली, थेम्बा. थोडं हळू." लोकांना म्हणे चीज खाताना बोलता यायला हवं. सरकारी सांस्कृतिक मेळ्यात बोलावलं, तर संयोजक बाई सूट बघून हिरमुसल्या. ढोल कुठाय? कातडं नाही नेसलात? पुकेकोहेला एका लग्नात नेला, तिथे हिंदी सिनेमाची गाणी मागितली. त्याने तीही वाजवली, पण चालत चालत वाजवली आणि वरातीच्या पुढे निघून गेला. घोड्यावरचा नवरा मागे राहिला.

श्रीकांतला ह्या सगळ्याचं फार कौतुक. त्याने गिटार शिकायचं ठरवलं. पहिल्या दिवशी थेम्बाने गिटार हातात दिलीच नाही. म्हणाला, "उभा राहा आणि सांग तू कोण."

श्रीकांत म्हणाला, "सीनियर सिस्टीम्स अ‍ॅनालिस्ट."

"ते काम झालं. कोण तू? नदी कुठली?"

"मुठा."

"काय करते ती?"

श्रीकांत प्रामाणिक माणूस. "वास येतो," म्हणाला.

मी दारात उभी राहून हसून हसून मेले. थेम्बा हसला नाही. त्याने विचारलं, तू असं काय केलंस जे तुझ्याशिवाय कुणी केलं नाही? श्रीकांतने बराच वेळ छताकडे बघून सांगितलं, की ड्रायव्हिंगच्या टेस्टला तो पहिल्याच फटक्यात पास झाला. वास्तविक ह्याच नवऱ्याच्या सीव्हीत दोन पानं भरून पराक्रम होते. टीम काय लीड केली, सिस्टीम काय उभी केली. लिहिताना लाज वाटत नाही आम्हाला. आवाज काढून म्हणायचं म्हटलं की घसा बसतो. महिनाभर श्रीकांत रोज उभा राहून पुटपुटत होता, गिटारला हात लागलाच नाही. शेवटी त्याने शिकवणी सोडली आणि त्या बदल्यात थेम्बाला मंडळाच्या गणपतीत आणायचं ठरवलं. नवरे लोक कशाची भरपाई कशाने करतील, सांगता येत नाही.

मंडळाचे अध्यक्ष होते डोंगरेकाका. माणूस वाईट नाही, पण माइक हातात आला की सोडवून घ्यायला दोघं लागायचे. त्यांना कल्पना एकदम पसंत पडली. सांस्कृतिक आदानप्रदान! शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, कोपऱ्यात गणपती, मागच्या बाजूला जेवणाची टेबलं मांडलेली. मुलांचा नाच आणि महाप्रसाद ह्यांच्या मधली जागा थेम्बाला मिळाली. थेम्बा थ्री-पीस सुटात आला. नोमसाला त्याने जवळजवळ ओढून आणलं होतं. ती सगळ्यात मागे, जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढून बसली. येण्याआधी तो मला म्हणाला होता, "सिसी, हे लोक बसून ऐकतील. खुर्च्या आहेत. आज ती मुशो म्हणेल."

आमचे लोक आणि बसून ऐकणार! मागे मसालेभाताची झाकणं उघडली होती.

आधी डोंगरेकाकांनी पाहुण्यांचा परिचय करून दिला. श्रीकांतने लिहून दिलेला त्यांनी वाचला आणि मग मनाचा जोडला. आफ्रिका, गांधीजी, डरबन, त्यांच्या स्वतःच्या केनियाच्या सहलीत दिसलेला सिंह. थेम्बा गिटार घेऊन उभा. त्याने श्रीकांतला हळूच विचारलं, "हा काय म्हणतोय?" श्रीकांत म्हणाला, "तुझी ओळख करून देतोय." थेम्बाचा चेहरा असा झाला, की जणू त्याच्या ताटातलं कुणी उचलून खाल्लं.

मग त्याने सुरुवात केली. वरपासून खालपर्यंत तारांवरून एक सरसर उतरली, आलो बरं का, असं सांगणारी. मुलं गप्प झाली. तो दोन रांगांच्या मधून चालायला लागला, काठाच्या साड्या बाजूला झाल्या, पाय आत घेतले गेले, आणि खरं सांगते, दोन-तीन मिनिटं त्या हॉलने श्वास धरला होता. मग तो बोलायला लागला. भराभर, डोळे मिटून. आणि थांबला.

तो थांबा. मुशोची जागा.

त्याने डोळे उघडून मागे बघितलं. नोमसाने टोपी आणखी खाली ओढली. आणि लोकांना वाटलं, संपलं. कडकडून टाळ्या! डोंगरेकाका शाल-श्रीफळ घेऊन तयारच होते. मसालेभात गार होत होता ना. ते लगबगीने पुढे आले, त्याच्या खांद्यावर शाल टाकली, गिटारच्या तारांवर असलेला हात धरून त्यात नारळ ठेवला आणि माइकवर म्हणाले, "वा, वा! आता सर्वांनी रांगेत यावं."

गाण्याच्या मध्यावर माणसाचा सत्कार करून त्याला गप्प करणं आम्हालाच जमतं बाई. दुसऱ्या कुणाची प्राज्ञा नाही.

थेम्बा एका हातात नारळ घेऊन उभा राहिला. मग नारळ त्याने काखेत धरला आणि शाल पांघरल्या पांघरल्या झुलूत पुन्हा बोलायला लागला, डोंगरेकाकांकडे बघून. काका हात जोडून माना डोलावत होते. लोकांनी आणखी एकदा टाळ्या वाजवल्या. रांगेत उभी असलेली पद्मा आंटी मात्र एकदम खांबाला धरून खाली वाकली. मी धावले, म्हटलं चक्कर आली. तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी.

"अगं, काय म्हणतोय ठाऊक आहे? मी तो, ज्याच्या अंगावर बैल शांत व्हावा म्हणून घोंगडं टाकतात. मी तो, ज्याच्या हातातून तारा काढून दगडासारखं फळ देतात. आणि हा म्हातारा तो, ज्याचं पोट त्याच्या आधी जेवायला पोचतं."

काका जवळच उभे होते. मला म्हणाले, "काय गं मेधा, मन भरून आलेलं दिसतंय त्यांचं."

"हो काका," मी म्हटलं. "फारच."

हसले मी तेव्हा. पण घरी आल्यावर भिंतीपलीकडे बूट वाजले नाहीत. दुसऱ्या शनिवारी नाहीत, तिसऱ्या नाहीत. मी चक्क उशिरापर्यंत झोपू शकत होते आणि पहाटेच जाग येत होती. माझा जीव असा वर-खाली, की एका सकाळी मीच भिंतीवर चार थापा मारल्या. काही उत्तर आलं नाही. तो नारळ मात्र त्याने दाराबाहेर ठेवला होता. पायपुसण्याशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. माणूस विसरणारा नव्हता.

डिसेंबर आला. माझं ऑफिस माउंट वेलिंग्टनला, मोठ्या मॉलपासून चालत पाच मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेले, तर सरकत्या जिन्याखाली, कापसाच्या बर्फात, खोट्या झाडाशेजारी एका स्टुलावर थेम्बा बसलेला. डोक्यावर हॅटच्या जागी सांताक्लॉजची लाल टोपी. नाताळची गाणी वाजवत होता, बसून, खाली मान घालून, कुणाच्या कानाला धक्का लागणार नाही अशी. इतकी हळू, की आता त्याला कुणी थोडं हळू म्हणायचीही सोय नव्हती.

नोमसा समोरच्याच दुकानात सुट्टीतलं काम करत होती. टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, विकायची. तिनेच मॉलच्या मॅनेजरला गळ घालून बापाला हे काम मिळवून दिलं होतं. मला म्हणाली, "आंटी, आय टोल्ड हिम. जस्ट सिट अँड प्ले. हीज बीन रिअली गुड." चांगला वागतोय म्हणे. लहान मुलाबद्दल सांगावं तसं. मला त्या पोरीच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तीच रडवेली झाली होती. तिने मागितलं होतं तेच झालं होतं, आणि ते तिला बघवत नव्हतं.

मग मी रोज डबा घेऊन तिथेच जाऊन बसायला लागले. थेम्बा मला बघून मान हलवायचा, बोलायचा नाही. लोक ट्रॉल्या ढकलत जायचे. नाताळच्या आदल्या आठवड्यात गर्दी इतकी, की गिटार ऐकूच येईना. आणि तेव्हा, ऐका गंमत, तो कोवळा मॅनेजर हसत हसत आला, वाकला आणि इथला नमस्कार घालत म्हणाला, "किया ओरा, थेम्बा. स्वीट अ‍ॅज. फक्त थोडं हळू, प्लीज. अनाउन्समेंट ऐकू येत नाहीये."

थेम्बाने वर बघितलं. माझ्याकडे नाही, मॅनेजरकडे नाही, समोरच्या दुकानाकडे. आणि उठला.

ती सरसर वरपासून खालपर्यंत उतरली आणि ट्रॉल्या थबकल्या. तो कापसाच्या बर्फातून बाहेर आला आणि चालायला लागला. लाल टोपी तशीच. सांताला भेटायला रांगेत उभी असलेली पोरं त्याच्याच मागे निघाली. मॅनेजर स्टूल हातात घेऊन मागे मागे, "थेम्बा, मेट, थेम्बा..." तो जँडल्सच्या दुकानासमोर आला आणि बोलायला लागला. मला आता एवढं ओळखू येत होतं, तुगेला आली, मामा आला, मुकादम आला, लंडन आलं. आणि तो थांबला.

माझ्या तोंडात पोळीचा घास. इतकी बोलणारी मी, तो एक शब्द मला ठाऊक होता, आणि मी घास चावत राहिले. म्हण गं, म्हण कार्टे, असं मी मनात नोमसाला म्हणत होते, आणि स्वतः काही म्हणत नव्हते.

नोमसाच्या दोन्ही हातांत जँडल्स. गिऱ्हाईक बघतंय, मैत्रिणी बघताहेत, मॅनेजर स्टूल घेऊन उभा.

"मुशो," ती म्हणाली. कुणाला ऐकू जाणार नाही असं. मग जँडल्स डोक्यावर उंच धरून, अस्सल किवी उच्चारात, अख्ख्या मॉलला ऐकू जाईल असं, "मुशो, डॅड! मुशो!"

थेम्बा सुटला. आधी होतं ते सगळं म्हणाला आणि लंडनच्या पुढे गेला. मी कान टवकारून ऐकत होते. सँडरिंगहॅम आलं. ऑकलंड आलं. नोमसाचं नाव आलं, एकदा, दोनदा. देशाचं नाव आलं. मग तो माझ्याकडे वळला, एका हाताने हवेत भिंतीवर थापा मारल्यासारखं केलं, 'सिसी' म्हणाला आणि पुढे बरंच काही. नोमसा फिसकन हसली.

"काय म्हणाला गं माझ्याबद्दल?"

"यू डोन्ट वॉना नो, आंटी."

अजूनही मला ते कळलेलं नाही. नव्या वर्षात बायकोला ब्रिस्बेनला नोकरी मिळाली आणि ते गेले. पद्मा आंटी त्या दिवशी तिथे नव्हती, आणि नोमसाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. चांगलं काही नसणारच. पण दक्षिण गोलार्धात कुठेतरी एक माणूस चालता चालता माझं नाव घेतोय, हे सीव्हीत कुठे लिहायचं ते मला सुचत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर राहिला तो त्या दिवशीचा थेम्बा. लाल टोपी, पाठीमागे पोरांची रांग, त्यांच्यामागे स्टूल घेतलेला मॅनेजर. वाजवत वाजवत तो सरकत्या काचेच्या दारापर्यंत गेला, दार आपोआप उघडलं आणि तो उन्हात, गाड्यांच्या रांगांमधून निघून गेला. दार मिटलं, गिटार ऐकू येईनाशी झाली. आत नोमसा जँडल्सच्या जोड्या लावत होती आणि लावता लावता, कुणी ऐकत नाही असं समजून, अजून 'मुशो, मुशो' म्हणत होती.